घोडी बुजते, तर खळ्यावर काय काय मांडावं?

पत्र : सप्रेम नमस्कार. आमचं गाव चिकोडी तालुक्यात, घरची शेती उसाची. लग्नाच्या वरातीला घोडी द्यायची, असं ठरवून गेल्या वर्षी काठेवाडी वळणाची घोडी घेतली. नाव चांदणी, वय चार वर्षं. घरात एकदम गरीब, पण बाहेर पडली की बुजते. ट्रॉलीवरची ताडपत्री फडफडली, पाटावरचा फळ्यांचा पूल आला किंवा बँड वाजला की मागे सरते. एकदा दावं तोडून घरी पळून आली. मोबाईलवर परदेशातले लोक घोड्यासाठी घरच्या घरी पूल, वासे, पडदे मांडतात आणि घोड्याला हाती धरून त्यातून चालवतात, ते पाहिलं. तसं मला खळ्यावर करायचं आहे. खर्च फार झेपणार नाही. काय काय मांडावं? उड्या शिकवाव्यात का? आप्पा म्हणतात, दोन चाबूक ओढले की सरळ येईल. दहा वर्षांचा पुतण्या तिला धरायला मागतो, त्याच्या हातात द्यावी का? आणि तुळशीच्या लग्नापर्यंत घोडी तयार होईल का? – एक वाचक, चिकोडी तालुका

नमस्कार दादा,

खळ्यावर मांडामांड जरूर करा. पण आधी एक गोष्ट पक्की करू, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. जे काही मांडाल, त्यातून चांदणीला मागे फिरायला जागा ठेवा. फळी असो, ताडपत्री असो, दोन पिंपांमधली वाट असो, प्रत्येक ठिकाणी तिला 'नको' म्हणून मागे सरता आलं पाहिजे. ज्या घोड्याला मागे सरता येतं तो थांबतो, बघतो, वास घेतो, मग पाय टाकतो. ज्याची ती वाट बंद होते तो दावं तोडतो. तुमच्या घोडीने तेच केलं. ती खट्याळ नाही. घोड्याकडे ना शिंगं, ना पंजे. संकट आलं की पळायचं एवढंच त्याला जन्मापासून ठाऊक असतं. आपल्याला तिला एवढंच शिकवायचं आहे, की पळायच्या आधी एकदा आपल्याकडे बघ.

परदेशात या प्रकाराला हॉर्स अ‍ॅजिलिटी म्हणतात. ब्रिटनकडे त्याच्या स्पर्धाही होतात. घोड्यावर कुणी बसत नाही. माणूस शेजारून चालतो, आणि घोडा सैल दाव्यावर, पुढे पुढे तर दाव्याशिवाय, एकेक अडथळा पार करतो. तुम्ही व्हिडिओत बघता ते शेवटचं टोक आहे. त्यामागचे कंटाळवाणे महिने कुणी मोबाईलवर टाकत नाही.

मांडायला घ्यायच्या आधी घोडीच्या डोळ्यांचं थोडं समजून घ्या. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे घोड्याला भोवतालचं जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. फक्त कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या थेट मागे थोडी जागा आंधळी राहते. पायाशी पडलेली वस्तू नीट बघायची तर त्याला मान खाली घालावी लागते. आता पाटावरचा पूल आठवा. घोडी थबकली की आपण दावं म्होरकीपाशी आखडतं धरतो आणि तिचं डोकं वर ओढतो. जे तिला बघायचं असतं तेच तिला दिसेनासं होतं, आणि वर आपण म्हणतो की ही उगाच अडते. दावं सैल सोडलं तर निम्म्या वेळा घोडी स्वतःच नाक खाली नेऊन फळ्या हुंगते. उजेडातून अंधाऱ्या जागी गेल्यावर घोड्याचे डोळे सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हेही लक्षात असू द्या. मंडपाच्या तोंडाशी घोडी अडते त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

रंगांचंही तसंच. घोड्याला निळा आणि पिवळा चांगला ओळखता येतो, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. त्यामुळे वाशांना गेरू किंवा लाल ऑइलपेंट लावू नका. मातीवर ते तिच्या डोळ्यांत भरणार नाहीत. पांढरे आणि पिवळे पट्टे मारा.

जागा साधारण साठ बाय साठ फूट मिळाली तरी पुरे. कडेला काटेरी तार असेल तर त्या बाजूला काहीही मांडू नका. तुमच्याकडची काळी माती ओली असताना खुराला चिकटते आणि पाय निसटतो, म्हणून उघडीप होऊन जमीन वाफशावर येईपर्यंत थांबा. खळ्यावर मुरूम असेल तर टोकदार खडे वेचून काढा. रिकाम्या उसाच्या रानात सऱ्यांवर शिकवायला जाऊ नका, तिथे तुमचाच पाय आधी मुरगळेल.

आता वासे. तीन-चार इंच जाडीचे, दहा फूट लांबीचे चार वासे घ्या, निलगिरीचे किंवा सुरूचे. बांबू नको. त्यावर खूर पडला की तो उभा चिरतो आणि त्याच्या कांबीला धार असते. घरात तुषार सिंचनाचे काळे एचडीपीई पाईप पडून असतील तर फारच उत्तम. वीस फुटी पाईप मधोमध कापा, आत वाळू भरा, तोंडं गच्च बंद करा आणि वरून पिवळी चिकटपट्टी गुंडाळा. पांढरे पीव्हीसी पाईप मात्र वापरू नका, ते फुटले की त्यांचे सुळके होतात. गोल वासा खुराखाली फिरला तर घोट्यावर ताण येतो, म्हणून प्रत्येक वाशासाठी जमिनीत बोटभर चर काढा आणि त्यात तो बसवा, किंवा खताच्या रिकाम्या पोत्यांत थोडी माती भरून दोन्ही टोकांना टेकू द्या.

दोन वाशांमधलं अंतर किती, हे पुस्तकातून घेऊ नका, चांदणीच्या पावलांवरून घ्या. खळ्याचा एक पट्टा दाताळ्याने भुसभुशीत करा, थोडं पाणी शिंपडा, आणि तिला नेहमीच्या चालीने त्यावरून न्या. मग डाव्या पुढच्या खुराच्या ठशापासून उजव्या पुढच्या खुराच्या ठशापर्यंत टेप धरा. पावणेपाच फुटी घोडीचं ते अंतर बहुधा अडीच ते पावणेतीन फूट भरेल. तेवढंच दोन वाशांत ठेवा. दुडक्या चालीसाठी अंतर वाढतं, चार ते सव्वाचार फुटांच्या आसपास जातं, पण दुडकीची घाई करू नका. सुरुवातीला एकच वासा ठेवा. तो ती न बघता ओलांडू लागली की दुसरा, मग एकदम चार. एखादा पाय वाशाला ठेचला तर ओरडू नका, दावं ओढू नका. पुढच्या फेरीला ती आपणच पाय उचलते, आणि ते तिने स्वतः शिकलेलं असल्यामुळे विसरत नाही. हेच वासे इंग्रजी एल अक्षरासारखे काटकोनात मांडले, मध्ये चार फुटांची वाट ठेवली, की मागे चालायचा धडा होतो. वरातीत गर्दी अंगावर आली तर घोडीला दोन पावलं शांतपणे मागे घेता येणं हे पुढे चालण्याइतकंच गरजेचं असतं.

काय वापरू नये तेही सांगते. तेलाचे पत्र्याचे डबे नकोत, त्यांच्या कडा कापतात. ठिबकच्या जुन्या नळ्या नकोत, त्या पायांत गुंततात. मोकळं टायर नको, त्याच्या भोकात खूर अडकतो. आणि झिजलेल्या टायरमधून तारा बाहेर आलेल्या असतात. टायर वापरायचंच तर मातीने काठोकाठ भरून चोपून घ्या, म्हणजे ते चढून उभं राहायचा ओटा होईल. चिरे आणि सिमेंटचे ब्लॉक टेकूला नकोत. काहीही तारेने बांधू नका. सुतळी वापरा, आणि तीही झटका बसला की तुटेल इतपतच. घोड्याला धनुर्वाताचा धोका सगळ्या पाळीव जनावरांत फार मोठा आहे. गंजलेल्या खिळ्याची इवलीशी जखमही पुरते. जनावरांच्या दवाखान्यात जाऊन धनुर्वाताची लस दिलेली आहे का याची खात्री करा, दिली नसेल तर मांडामांडीच्या आधी चांदणीला ती टोचून घ्या. नालबंदाला बोलावून नाल ढिला नाही ना, हेही बघून घ्या. सैल नाल ताडपत्रीत अडकतो.

ताडपत्रीवर मी जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण चांदणीची खरी भीती तीच आहे. ट्रॉलीवरची जुनी ताडपत्री चालेल, पण तिच्या कडेच्या लोखंडी कड्या कापून टाका. घडी घालून फूट-दीड फूट रुंदीची पट्टी करा, जमिनीवर पसरा आणि कडांवर माती ओढा, म्हणजे वाऱ्याने उचलणार नाही. पट्टीच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा हवी. कोपऱ्यात किंवा भिंतीला लागून टाकू नका. बारा फुटी जाड सुती दावं घ्या. नायलॉनचं दावं हातातून सरकलं की कातडी सोलून निघते. दावं हाताला गुंडाळायचं नाही, कधीच नाही. जास्तीचं दावं घड्या करून हातात धरायचं.

तुम्ही उभे कुठे राहता याला फार महत्त्व आहे. समोर उभं राहून ओढू नका. एक तर तिथे तुम्ही तिला धड दिसत नाही, आणि तिने उडी मारली तर ती तुमच्याच अंगावर येते. तिच्या खांद्याच्या रेषेत, हातभर बाजूला राहा. तिला ताडपत्रीकडे न्या, आणि जिथे तिचे कान ताठ होऊन पुढे रोखले जातात, मान उंच होते, तिथेच थांबा. तिथून पुढे पाऊल घ्यायचं की नाही ते तिला ठरवू द्या. दावं किंचित ताणून धरा, इतकं हलकं की दोन बोटांत मावेल. ती पुढे झुकली, नुसती झुकली तरी, त्याच क्षणी दावं सोडा. शिकवणं जे काय ते त्या सोडण्यात आहे. घोडा दाबाने शिकत नाही. दाब कधी गेला, यावरून शिकतो. तुम्ही सोडायला उशीर केलात तर तिला वाटणार, की पुढे झुकूनही उपयोग झाला नाही.

थोड्या वेळाने ती मान लांब करून ताडपत्री हुंगेल, फुरफुरेल. पुढच्या पायाने खरडेल. खरडू द्या, तो तिचा तपास आहे. आवाज होईल, ती दचकून दोन पावलं मागे जाईल. तुम्हीही तिच्याबरोबर मागे जा, दावं सैल ठेवून. मग पुन्हा तिथवर या. मागे जाण्याची भीती संपली की पुढे जाण्याचीही संपते, हे डोळ्यांनी दिसेल. एखाद्या दिवशी ती नुसती उडी टाकून पट्टी ओलांडेल. तेही चालेल, शाबासकी द्या, पण पुन्हा पुन्हा करून घ्या, चारही पाय शांतपणे टेकेपर्यंत. मग घडी उलगडत पट्टी रुंद करा. डाव्या बाजूने तुम्ही असताना शिकलेलं उजव्या बाजूनेही आपोआप जमेलच असं नसतं, तेव्हा दोन्ही बाजूंनी करा. पाऊस पडून ताडपत्री ओली असेल त्या दिवशी तिच्यावर घोडी घालू नका.

शाबासकी म्हणून गुळाचा खडा कधीतरी ठीक, पण दर वेळी दिलात तर ती खिसे चाचपायला लागेल. मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यावर बोटांनी खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. वरचा ओठ लांब करून ती तो हलवायला लागली, की जागा बरोबर सापडली.

पूल ही दुसरी अडचण. आठ फूट लांब, चार फूट रुंद, उंची पाच-सहा इंचांपलीकडे नको. खाली लांबीच्या दिशेने तीन जाड वासे, वर दीड-दोन इंची फळ्या, खिळ्यांऐवजी स्क्रू आणि त्यांची डोकी फळीत बुडवलेली. सेंट्रिंगचं जुनं प्लायवूड भरवशाचं नाही. काठेवाडी घोडी तीनशे किलोच्या पुढेमागे असते आणि निम्म्याहून जास्त भार पुढच्या दोन पायांवर येतो. म्हणून घोडी घालायच्या आधी पाच-सहा जणांनी मिळून मधल्या दोन-तीन फळ्यांवर गर्दी करून उभं राहा, थोडं हलून बघा. करकरली तर दुरुस्त करा. वर गोणपाट ताणून कडेने ठोका, म्हणजे नाल घसरत नाहीत.

घोडीला पुलाची भीती दोन कारणांनी वाटते, खालून येणारा पोकळ आवाज आणि पायाखाली जरा हलणं. पहिल्या आठवड्यात पुलाखालची पोकळी मातीने ठासून भरा. तेव्हा ती नुसती फळ्यांची जमीन होते, आवाज येत नाही. त्यावर ती निवांत उभी राहू लागली की एका बाजूची माती काढा, मग दुसऱ्या. आवाज असा हळूहळू येतो आणि तिला त्याचं काही वाटेनासं होतं. आधी आडवी ओलांडू द्या, म्हणजे चारच फूट चालायचं. लांबीच्या दिशेने नंतर. पुलावरून ती बाजूला उतरली तर उतरू द्या. कठडा लावायचा मोह टाळा, त्याच्यामुळे मागे-बाजूला जायची वाट बंद होते. पाटावरच्या खऱ्या पुलाकडे न्यायची घाई तिने घरच्या पुलावर पोकळ आवाज ऐकत मान खाली ठेवून उभं राहायला शिकेपर्यंत करू नका. आणि तिथे गेल्यावरही पुलावर तुम्ही तिच्या पुढे चालू नका.

अरुंद वाटेसाठी प्लॅस्टिकची दोन निळी पिंपं पुरतात. त्यांत थोडं पाणी घाला म्हणजे वाऱ्याने लोळणार नाहीत. मध्ये आठ फूट ठेवून सुरू करा आणि रोज थोडं थोडं आणत चार फुटांवर या. त्या फटीत तुम्ही तिच्याबरोबर शिरू नका. लांब दावं ठेवून तिला पुढे पाठवा; घोडे अरुंद जागेतून निघताना एकदम सुसाट निघतात. पडदा करायचा तर जुनी साडी फाडून तिच्या पट्ट्या वरच्या दोरीला नुसत्या अडकवा, गाठ मारू नका. त्या अंगाला लागून निघून आल्या तर आल्या. सुरुवातीला पट्ट्या दोन बाजूंना सारून मधली वाट मोकळी ठेवा.

बँडचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण वरातीची घोडी म्हटल्यावर तेच खरं काम आहे. वरातीत बँड पुढे असतो आणि घोडी मागून येते. हे आपल्या पथ्यावर पडतं, कारण घोड्याला त्याच्यावर चालून येणाऱ्या वस्तूची भीती वाटते, पण त्याच्यापासून दूर जाणाऱ्या वस्तूमागे जायचं धाडस होतं. एका माणसाला ताडपत्रीचा तुकडा दोरीने ओढत पुढे चालायला सांगा आणि तुम्ही चांदणीला घेऊन बऱ्याच अंतरावरून मागे चाला. ती जवळ जाऊ पाहील तसं जाऊ द्या. ताडपत्रीची दोरी घोडीला किंवा खोगिराला मात्र कधी बांधू नका, घोडी उधळली तर ती ताडपत्री तिच्या मागेच लागते. हीच युक्ती ताशाला लावा. गावातला कुणी ताशा वाजवणारा मुलगा असेल तर त्याला दूरवर हळू वाजवत पुढे चालू द्या. चंदीच्या वेळी तबेल्याबाहेर मोबाईलवर बँडचा आवाज लहान लावला तरी कान सरावतात. ती खायची थांबली तर आवाज कमी करा. ऊस तोडणीच्या दिवसांत रस्त्याला ट्रॅक्टर गाणी वाजवत जातात, त्यांचाही उपयोग करा. घोडीला रस्त्यापासून शंभर पावलं आत रानात चरायला ठेवा आणि ट्रॅक्टर जाऊ द्या. दर काही दिवसांनी थोडं जवळ या.

अंकली तुमच्याच तालुक्यातली. तिथून शितोळे सरकारांचे अश्व दर वर्षी पायी आळंदीला जातात आणि माउलींच्या पालखी सोहळ्यात रिंगण धावतात. त्यातल्या माउलींच्या अश्वावर स्वार नसतो. टाळ-मृदंगाचा एवढा गजर, पताका, टापांखालची माती कपाळाला लावायला धावणारे वारकरी, आणि त्यात तो घोडा धावतो. मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते पायी जाणं. पूल, गाड्या, गावं, माणसं हे सगळं रोज त्याच्या पायांखालून आणि डोळ्यांसमोरून जातं. चांदणीलाही खळ्यावरच अडकवून ठेवू नका. आठवड्यातून एक-दोनदा तिला नुसतं हाती धरून गावाबाहेर फिरवून आणा.

उड्या नकोत. घोड्याच्या पाठीच्या कण्याची वाढ पुरी व्हायला पाच-सहा वर्षं लागतात, आणि चांदणी चार वर्षांची आहे. वरातीच्या घोडीला उडीचा उपयोगही नाही. वाशाचं एक टोक सहा इंच उचलून ठेवलं तरी तिच्या पाठीला आणि पायांना पुरेसा व्यायाम होतो. तेव्हाही वासा धक्का लागला की खाली पडेल असाच ठेवायचा. बांधलेल्या वाशात पाय अडकला तर घोडी वाशासकट कोसळते.

आप्पांबद्दल. त्यांनी आयुष्यभर जनावरं सांभाळली, त्यांचा शब्द मी हलका करणार नाही. पण चाबकाचा हिशेब घोडीच्या बाजूने मांडून बघा. ताडपत्री फडफडली, ती घाबरली, आणि त्याच क्षणी पाठीवर फटका बसला. तिच्या लेखी ताडपत्रीने मारलं. पुढच्या वेळी ती ताडपत्री दिसायच्या आधीच उधळेल. चाबकाने घोडी पुढे जाईल, नाही असं नाही, पण फक्त चाबूक मागे असेल तोवर. आणि वरातीत पाठीवर नवरदेव असतो, आजूबाजूला पोरं असतात. काटेरी लगामाचा सल्ला कुणी दिला तर तोही ऐकू नका. काटे असलेला लगाम वापरायला ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांना क्रूरपणे वागवू नये म्हणून केलेल्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, आणि तोंड सोललेली घोडी कुणाचंच ऐकत नाही. आप्पांना एक काम द्या. जनावराची नजर ओळखणारा माणूस खळ्याच्या कडेला हवाच असतो. शेपूट आवळली, नाकपुड्या ताणल्या, डोळ्यांतलं पांढरं दिसलं की त्यांनी 'थांब' म्हणायचं. पंधरा-वीस मिनिटं झाली की 'पुरे' म्हणायचं. तुमचं लक्ष दाव्यावर असताना हे तुम्हाला दिसत नाही. आणि बंद करायचं ते तिने काहीतरी चांगलं केल्यावर, अगदी एक पाऊल टाकलं असेल तरी.

पुतण्याच्या हातात दावं आत्ता देऊ नका. दहा वर्षांच्या पोराचं वजन बुजलेल्या घोडीला काहीच नाही, आणि पोरं दावं सोडायचं सोडून घट्ट धरतात. पण त्याचा हिरमोड करू नका. ठशांवरून टेप धरून अंतर मोजणं, वासे रंगवणं, ताडपत्री किती रुंद झाली याची वही ठेवणं ही त्याचीच कामं. खरारा तुम्ही शेजारी असताना करू द्या. घोडी सगळे अडथळे तुमच्याबरोबर सैल दाव्यावर करू लागली, की मग हेल्मेट घालून, बंद बूट घालून, जमिनीवरच्या वाशांवरून त्याला चालवू द्या. लांब दाव्याचं दुसरं टोक तुमच्या हातात ठेवून. तुम्हीही चपलांवर हे करू नका. घोडीने पाय दिला तर बोटं चेंगरतात.

तुळशीच्या लग्नापर्यंत जमेल का? जमीन वाफशावर येऊन रोजचा सराव सुरू झाल्यापासून जेमतेम महिना-दीड महिना हाती राहील. तेवढ्यात ताडपत्री, वासे, पूल आणि पिंपांची वाट होऊ शकेल. रात्रीची वरात नाही जमायची. जनरेटरची धडधड, डोक्यावरचे दिवे, फटाके, हे सगळं एकदम आलं तर महिन्याची मेहनत एका रात्रीत जाते. या लग्नसराईत तिला पाहुणी म्हणून न्या. दुसऱ्याच्या वरातीपासून लांब, रस्त्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला, जिथून निघून जायची मोकळी वाट असेल तिथे उभी करा, आणि ती गवताला तोंड लावेपर्यंत थांबा. तोंड लावलं की त्या दिवसाचं काम झालं, घरी आणा. सुपारी घ्यायचीच झाली तर सराईच्या शेवटी, दिवसाची, ओळखीच्या घरची आणि फटाके नाहीत असं आधी कबूल करून घेतलेली घ्या. नवरदेव वर बसल्यावर त्याला आणि करवल्याला सांभाळायला वेगळा माणूस ठेवा. तुम्ही फक्त दावं धरायचं, तिच्या खांद्याच्या रेषेत, आणि कुठून बाहेर पडायचं ते निघायच्या आधी बघून ठेवायचं.